बोरटेक-चौदा

दोन हजार एकोणचाळीस साली मिरजेत शहाणपणाची साथ आली, आणि अशा बहुतेक साथी येतात तशी ती पुण्याहून आली. घेऊन येणाऱ्या गृहस्थाचं नाव निहार सबनीस. वय चौतीस, पायात मोज्यांशिवाय बूट, आणि रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी साठीच्या माणसांना ‘गाईज’ म्हणून हाक मारण्याची छाती.

मिरजेतली धारा उपकरणे ही कंपनी दवाखान्यांसाठी सिरिंज पंप बनवायची. औषध भरलेली सिरिंज या पंपात बसवायची, तासाला किती सोडायचं ते सांगायचं, की पंप मुंगीच्या पावलाने दांडा ढकलत तेवढंच सोडत राही. दवाखान्यांच्या गावात अशी कंपनी निघणं साहजिकच होतं. सुरुवातीला ती सतारी बनवणाऱ्या एका कारागिराच्या दुकानावरच्या खोलीत होती. सहा माणसं, तीन खुर्च्या, आणि खाली दिवसभर भोपळ्यांना रंधा मारल्याचा आवाज. त्या सहांतल्या एक म्हणजे सुनंदा बिडकर. एकोणचाळीस साली त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या, कंपनीच्या चाचणीप्रमुख होत्या, आणि जुने दिवस आठवले की त्यांचा चेहरा सैल होत असे. ‘तेव्हा माणसं चूक करायची आणि चूक झाली की जेवायची नाहीत,’ असं त्या म्हणत. ‘आता चूक झाली की मीटिंग घेतात आणि मीटिंगला समोसे असतात.’

सॉफ्टवेअरची चाचणी म्हणजे काय, हे त्या नव्या माणसाला एका दमात समजावत. एकदा जिथे पाय घसरला तिथे खूण करायची, आणि वाट थोडी जरी बदलली तरी त्या खुणेवरून पुन्हा चालून बघायचं. यंत्रच ते चालून बघतं. जमलं तर नोंदींच्या दप्तरात हिरवी रेघ उमटते, नाही तर लाल. धारात अशा नऊ हजार चारशे चाचण्या होत्या, आणि प्रत्येकीला ज्या गावात ती चूक सापडली त्या गावाचं नाव द्यायचा रिवाज होता.

बोरटेक-चौदा ही त्यातली एक. बोरटेकच्या छोट्या दवाखान्यात सत्तावीस साली एका तासात चौदा वेळा वीज गेली आणि आली. किती औषध गेलं हा आकडा पंप आपल्या स्मृतीत लिहून ठेवतो. तो लिहीत असतानाच वीज दोनदा तुटली, तर आकडा अर्धवट राहतो आणि जागा झालेला पंप समजतो की सिरिंज नवीन आहे. मग तो पहिला मोठा डोस पुन्हा द्यायला लागतो. बोरटेकला सिरिंजमध्ये साधं जीवनसत्त्व होतं म्हणून निभावलं. त्यानंतर सुनंदाबाईंनी ती चाचणी लिहिली. पंपात पाण्याची सिरिंज लावायची, खाली वजनकाटा ठेवायचा, आणि तासाभरात चौदा वेळा वीज तोडायची.

या चाचणीचा सगळ्यांना धाक होता. कोडमध्ये कुठेही हात लावला तरी ती रुसायची. पुढच्याच वर्षी सरकारी नियमाने चाचण्यांचं कायमचं दप्तर सुरू झालं, आणि त्यातल्या प्रत्येक लाल रेघेमागे आठ पानी खुलासा द्यायची वेळ आली, तेव्हा सुनंदाबाईंनी फर्मान काढलं. बदल केलेलं सॉफ्टवेअर आधी आपल्या टेबलावरच्या पंपात घालायचं, हाताने प्लग उपसून बघायचा, जे नापास होईल ते गपचूप दुरुस्त करायचं, आणि मगच अधिकृत चाचणीला द्यायचं. बोरटेक-चौदाची लाल रेघ दप्तरात दिसता कामा नये. मुलांनी ते पाळलं. अकरा वर्षांत बोरटेक-चौदापुढे दप्तरात एकही लाल रेघ नव्हती. पाहुणे आले की बाई ते पान उघडून दाखवत.

सगळ्या चाचण्या एकदा पूर्ण व्हायला एकोणीस तास लागत, कारण बावीस खरे पंप बाकावर मांडून खरं पाणी वाहायचं, आणि पाण्याला घाई कळत नाही. पूर्वी आठवड्याला दोन बदल व्हायचे, तेव्हा एकोणीस तास कुणाला खुपले नाहीत. पण सदतीस सालापासून कोड लिहायचं काम यंत्राकडे गेलं. माणसाने मराठीत किंवा इंग्रजीत सांगायचं, यंत्राने लिहायचं. दिवसाला चाळीस बदल व्हायला लागले. माणसं ते टेबलावर तपासून पुढे ढकलत आणि पुढे एकोणीस तासांची रांग.

निहारने या रांगेवर औषध आणलं. त्याचं नाव पारखी.

पारखीमागची कल्पना वाईट नव्हती, हे सुनंदाबाईंनीही मनातल्या मनात कबूल केलं होतं. मोठ्याने कबूल करण्याइतका तो माणूस त्यांना आवडत नव्हता. पारखीला कंपनीचं अकरा वर्षांचं दप्तर वाचायला दिलं होतं. कोणत्या दिवशी कोडचा कोणता भाग बदलला आणि त्यावर कोणत्या चाचण्या लाल झाल्या, एवढंच. त्यातून ती शिकली होती, की अमुक भागाला हात लागला तर अमुक चाचण्या लाल होण्याचा संभव आहे. तेवढ्याच चालवायच्या. ज्या हिरव्याच होणार आहेत त्या चालवून पाणी आणि वेळ का घालवायचा? नऊ हजारांतल्या तीनशे चाचण्या, एकोणीस तासांऐवजी बावीस मिनिटं.

जानेवारीत मालकांसमोर बैठक झाली. निहारने भिंतीवर दोन चित्रं दाखवली, एक गोगलगाईचं आणि एक चित्त्याचं. पंधरा वर्षं शिक्षण घेतलेला माणूस मोठ्यांना प्राण्यांची चित्रं दाखवतो आणि मोठे माना डोलावतात, हे बघून सुनंदाबाईंना आपल्या बालवाडीतल्या बाईंची आठवण झाली. त्या निदान चित्रावरून प्रश्न तरी विचारत. मालक आरवाडे यांनी त्यांना मत विचारलं. त्या म्हणाल्या, अकरा वर्षं घरात चोर आला नाही म्हणून कुणी दाराची कडी काढून विकत नाही.

“सुनंदा मॅम, ही उपमा झाली,” निहार हसत म्हणाला. “मला डेटा दाखवा.”

“डेटा तुमच्याकडे आहे. अक्कल दाखवा म्हणते मी.”

पण नियमाप्रमाणे चाचणीची पद्धत बदलायला चाचणीप्रमुखाची सही लागत असे. निहारने त्यांच्या टेबलावर बेचाळीस पानी प्रस्ताव ठेवला. तिसऱ्या पानावर ‘प्रवास’ हा शब्द चौथ्यांदा आला तेव्हा बाईंनी वाचणं सोडलं. सही करणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंपांच्या खोलीत यास्मिन आली. यास्मिन सतारमेकर, ज्यांच्या दुकानावर कंपनी सुरू झाली त्या कारागिराची नात. तंत्रनिकेतनातून थेट बाईंच्या हाताखाली आली होती आणि आता बत्तीस वर्षांची होती. बाईंना मूलबाळ नव्हतं. यास्मिनच्या लग्नात त्या मुलीकडच्या बाजूने पंगतीत वाढत फिरल्या होत्या. यास्मिनने बावीस पंपांकडे एकदा बघितलं आणि खुर्ची ओढली.

“बाई, सही करा.”

“त्या बिनमोज्याच्या माणसाने पाठवलं का तुला?”

“नाही. पारखी मी लिहिलीय. सरांनी फक्त नाव ठेवलं.”

एका पंपाखालच्या काट्यावर पाण्याचा थेंब सांडला होता, तो बाईंनी पदराने पुसला.

यास्मिनने मग सांगितलं. गेल्या श्रावणात अलार्मच्या आवाजातली चूक तिने एका दिवसात दुरुस्त केली होती. ती दुरुस्ती रांगेत तेवीस दिवस थांबली. त्या तेवीस दिवसांत दोन दवाखान्यांत नळी तुंबली आणि अलार्म वाजलाच नाही. त्या दोन्ही रुग्णांची नावं तिला पाठ होती. “तुम्हीच शिकवलं ना, गावाचं नाव लक्षात ठेवायचं म्हणून,” ती म्हणाली. “उशिरामुळे कुणाला इजा झाली त्यांच्या नावाची चाचणी आपल्याकडे एकही नाही, बाई.”

निहारला सुनंदाबाईंनी आयुष्यभर अडवून धरलं असतं. यास्मिनला अडवणं त्यांच्याच्याने होईना. त्यांनी एक अट घातली: दर रविवारी सगळ्या नऊ हजार चाचण्या पूर्ण चालल्या पाहिजेत. निहारने ती लगेच मान्य केली, आणि त्याचा तो झटकन आलेला होकार बाईंना मुळीच आवडला नाही.

सहीआधी, पारखी रोजच्या कामातून वगळणार असलेल्या चाचण्यांची यादी त्यांनी वाचायला घेतली. त्यात बोरटेक-चौदा होती. पुढे शेरा: अकरा वर्षांत एकदाही नापास नाही, उपयुक्तता शून्य. बाईंनी तो कँटीनमध्ये मोठ्याने वाचून दाखवला, सगळे हसले, आणि त्यांनी पेन्सिलीने समोर ‘गाढव’ असं लिहिलं. शेरा शून्य का आला, हे विचारायचं त्यांच्या मनात आलं नाही. समोरच्याला एकदा गाढव ठरवलं की प्रश्न विचारायची गरज उरत नाही.

यास्मिनने विचारलं, “बाई, यातल्या काही परत घालू का? एका मिनिटाचं काम आहे.”

“काही नको,” बाई म्हणाल्या. “आहे तशी राहू दे. आपली पोरं टेबलावर प्लग उपसतातच. तिमाहीच्या शेवटी ही यादी मालकांपुढे ठेवणार आहे मी. कळू दे त्यांना, कुठलं रत्न आणलंय पुण्याहून.”

आणि त्यांनी सही केली.

प्रस्तावाच्या एकतिसाव्या पानावर लिहिलं होतं, की यापुढे यंत्राने लिहिलेलं कोड माणसाच्या टेबलावर न येता थेट पारखीकडे जाईल. एकतिसावं पान बाईंनी उघडलंच नव्हतं.

मार्चमध्ये पारखी सुरू झाली. रांग संपली, निहारने केक कापला. पहिले दोन रविवार सगळ्या चाचण्या चालल्या आणि हिरव्या झाल्या. तिसऱ्या रविवारी बावीसही पंप पुण्याच्या प्रदर्शनात गेले होते, निळ्या दिव्यांखाली, रंगीत पाणी भरून. बाईंनी कडक शब्दांत पत्र लिहिलं. उत्तरादाखल निहारने वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्याच्या आदल्या शुक्रवारी कोड लिहिणाऱ्या यंत्राने बॅटरी वाचवण्यासाठी एक बदल केला होता: पंपाने आपला आकडा स्मृतीत जरा कमी वेळा लिहावा. पारखीने दोनशे एक्याऐंशी चाचण्या निवडल्या. एकवीस मिनिटांत सगळ्या हिरव्या. मंगळवारी सकाळपर्यंत तो बदल इंटरनेटवरून सहा हजार पंपांत पोचला.

शनिवारी दुपारी सुनंदाबाईंचा फोन वाजला.

“मॅडम, मी हिंगणमाळच्या दवाखान्यातनं सिस्टर आवळे बोलतीय. तुमचा पंप येडा झालाय.”

“काय झालं ते ओळीने सांगा, सिस्टर.”

“ओळीनंच सांगतीय. बाळंतीण हाय, झटके येत होते, म्हणून मॅग्नेशियम लावलंय. मोठा डोस सकाळीच दिला, आता थेंब थेंब चाललं होतं. लाईट चारदा गेली नि आली. चौथ्या टायमाला दांडा असा पळायला लागला, जसा सकाळी पहिल्यांदा पळत होता. हे औषध जास्त झालं की अंग ढिलं पडतंय, म्हणून गुडघ्यावर मारून बघितलं तर पाय हलंना. श्वास मोजला, मिनिटाला दहा.”

“मग?”

“मग काय, नळी चिमटीत धरली आणि पंप उपसून काढला. उतारा म्हणून कॅल्शियम दिलंय, डॉक्टर आल्यात. आता चौदावर आलाय श्वास. पण मी चहाला गेले असते तर, मॅडम?”

“गेला नव्हतात ना.”

“मी जातच नाही. यंत्राच्या जिवावर बाळंतीण सोडून कोण जाईल?”

बाईंनी कपाटातून जुना पंप काढला, त्यात शुक्रवारचा बदल घातला, पाण्याची सिरिंज लावली आणि प्लग उपसायला सुरुवात केली. सहाव्या वेळी दांडा पळाला. त्यांनी यास्मिनला बोलावून घेतलं. दोघींनी मिळून तासाभरात सगळ्या पंपांतला बदल मागे घेतला आणि एकेका दवाखान्याला फोन लावले. आणखी दोन ठिकाणी तसं झालं होतं, दोन्हीकडे औषध साधं होतं. काम उरकल्यावर यास्मिन त्या जुन्या पंपाकडे बघत राहिली. मग तिने बाईंकडे बघितलं. अकरा वर्षं टेबलावर उपसलेले प्लग दोघींना एकदमच आठवले होते.

दहा दिवसांनी चौकशीसाठी मुंबईहून दोन अधिकारी आले. निहार तयारीनिशी आला होता; मोजे घातले होते. त्याने अत्यंत नम्रपणे सांगितलं, की पारखी हे यास्मिन मॅडमचं काम आहे आणि निवडीचे निकष त्यांनीच ठरवले. मी फक्त दिशा दिली. असली माणसं यश आलं की गाडी चालवत असतात आणि अपघात झाला की मागच्या सीटवर बसलेली असतात.

त्यांतल्या अधिकारी बाईंनी यास्मिनला विचारलं, ही चाचणी का वगळली गेली. दप्तरात अकरा वर्षांत एकदाही ती नापास नव्हती, असं यास्मिनने सांगितलं. अधिकारी बाई म्हणाल्या, आज प्लग उपसला तर सहाव्यांदा बिघडणारी गोष्ट अकरा वर्षांत एकदाही बिघडली नाही, हे तुम्हाला पटतं? तुम्ही डेटात काही फेरफार केलात का?

यास्मिनला उत्तर ठाऊक होतं. अकरा वर्षं तिनेही प्लग उपसले होते. ती मान खाली घालून म्हणाली, “नाही. मला सांगता येणार नाही.”

यास्मिनचा परवाना जाणार, तिचं नाव काळ्या यादीत जाणार, पुन्हा कुठल्याही दवाखान्याच्या यंत्राला तिला हात लावता येणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. झाकली मूठ तशीच ठेवणं सुनंदाबाईंना सोपं होतं. दोन महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या, हार आणला जाणार होता, आणि त्या कोऱ्या पानाची कुणीतरी भाषणात वाखाणणीही केली असती.

“तिला नका विचारू,” त्या म्हणाल्या. “ती चाचणी आठवड्याला दोन-तीनदा नापास व्हायची. आमच्या टेबलांवर. दप्तरात ती कधी आली नाही, कारण लाल रेघ दप्तरात नको असं मी सांगितलं होतं. या मुलीने यंत्राला जे दप्तर वाचायला दिलं, ते मी धुऊन पुसून ठेवलेलं होतं.”

“का?”

“आठ पानी खुलासे लिहायला नकोत म्हणून. हे कारण चारचौघांत सांगण्यासारखं आहे. खरं म्हणजे मला ते कोरं पान आवडायचं. आणि अजून एक लिहून घ्या. ही चाचणी वगळलीय हे मला माहीत होतं. परत घालू का म्हणून हिने विचारलं होतं, एका मिनिटाचं काम होतं. मी नको म्हटलं. या साहेबांची अक्कल मालकांना दाखवायची होती मला.”

निहारने सुटकेचा श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू गेला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्या माणसाबद्दल त्यांचं मत कणभरही बदललं नव्हतं. फक्त त्याच्या शेजारी आता आणखी एक नाव बसवावं लागत होतं, आणि त्यांना ते जड जात होतं.

हिंगणमाळची ती बाळंतीण, दीपाली खरात, चार दिवसांत मुलगी घेऊन घरी गेली. मुलगी पुढे कबड्डीत जिल्ह्याकडून खेळली. सिस्टर आवळे वेळेवर निवृत्त झाल्या. त्याआधी कंपनीने त्यांना सत्काराला बोलावलं होतं. ड्यूटी आहे, असा निरोप त्यांनी पाठवला.

मालक आरवाडे यांनी कंपनी एका मोठ्या उद्योगाला विकली आणि आता नातवंडांना जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगतात, त्यात ही नसते. निहार सबनीस आधी हैदराबादला, मग सिंगापूरला गेला. ‘अपयशातून शिकताना’ या विषयावर तो व्याख्यानं देतो. त्यातलं अपयश नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

पारखी आजही चालते, आणि चांगली चालते. यास्मिन चाचणीप्रमुख झाली तेव्हा तिने पहिला नियम केला, की टेबलावर नापास झालेलं सगळं दप्तरात चढलं पाहिजे. दोन वर्षं दप्तर लालेलाल होतं. पाहुणे नाकं मुरडत.

सुनंदाबाईंचा परवाना पाच वर्षांसाठी काढून घेतला. हार कुणी आणला नाही. यास्मिन आठ महिने त्यांच्या घराकडे फिरकली नाही. नवव्या महिन्यात एका सकाळी आली, तिच्याजवळ लॅपटॉप होता. “बाई, अकरा वर्षांत टेबलावर काय काय बिघडलं ते कुठेच लिहिलेलं नाही. ते फक्त तुमच्या डोक्यात आहे,” ती म्हणाली. “सांगा, मी लिहिते.” बाईंनी तिला आधी चहा दिला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. मग दर बुधवारी दोघी बसू लागल्या. बाईंची स्मरणशक्ती भयंकर होती. कुठल्या दिवशी, कुणाच्या टेबलावर, कितव्या प्लगला काय झालं, त्या दिवशी डब्यात काय होतं इथपर्यंत त्या सांगत.

त्या सत्तेचाळीस साली गेल्या. तोवर अकराशे चाळीस लाल रेघा दप्तरात चढल्या होत्या. प्रत्येकीपुढे चूक कोणाची असा एक रकाना आहे. त्यात तीनशे सहा ठिकाणी त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, आणि यास्मिनने ते तसंच लिहून घेतलं.